रक्त तीनदा दिलं, कागद कुठं आहे?

(भंडारा जिल्ह्यातील महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय छापला आहे, ‘आरोग्यविषयक संशोधन आणि आरोग्यसेवेचे नियोजन यांतील समन्वय’. सकाळी चहाच्या वेळी एक मैत्रीण मला म्हणाली, “ताई, हा विषय तर डॉक्टर लोकांचा दिसते. आपण त्यात काय करणार?” तिची शंका रास्त आहे. म्हणून आधी एक प्रसंग सांगते, मग विषयाकडे वळते.

लाखांदूर तालुक्यातलं एक गाव. रोवणीचे दिवस. त्या दिवसांत बायका घरी भेटत नाहीत, बांधीतच भेटतात. मी धुऱ्यावर बसले आणि चिखलात उभ्या असलेल्या बायकांशी सिकलसेलबद्दल बोलू लागले. पऱ्ह्यांची पेंडी हातात धरून एक बाई सरळ उभी राहिली. चाळिशीची असेल. म्हणाली, “रगत तपासाचं आहे का? मंग मी नाई देत. तीनदा देलं. कागद एकदाबी नाई भेटला.”

मी खोदून विचारलं. एकदा शहरातल्या कुठल्याशा कॉलेजची मुलं आली होती. एकदा सरकारी शिबिर झालं होतं. तिसऱ्यांदा कोण आलं होतं ते तिला आठवत नव्हतं, ‘गाडीवाले’ एवढंच ती सांगत होती. तिसऱ्या वेळी तिच्या मुलीचंही रक्त घेतलं होतं. मुलगी सोळा वर्षांची. थंडी पडली की तिचे हातपाय दुखून येतात, डोळे पिवळे होतात, ती रात्ररात्र कण्हते. शाळा सुटली. देवाधर्माचं करून झालं, बाहेरचं पाहून झालं. आणि या मुलीच्या रक्ताचा निकाल कुठल्या तरी वहीत लिहून पडलेला होता!

विचार करा. कुणाच्या तरी प्रबंधात ही मायलेकींची जोडी दोन आकडे म्हणून छापून आली असेल. कुणाच्या तरी मासिक अहवालात ‘तपासलेल्या व्यक्ती’ या रकान्यात मोजली गेली असेल. त्या प्रबंधावर पदवी मिळाली, त्या अहवालावर उद्दिष्ट पूर्ण झालं. फक्त तिच्या घरात कागद आला नाही. आजच्या विषयाचं सगळं सार मला या एका बाईच्या प्रश्नात दिसतं.

तीन कपाटं

असं का होतं? लोक वाईट असतात म्हणून नाही. मी पुष्कळ भली माणसं पाहिली, तळमळीने काम करणारे डॉक्टर पाहिले. पण आपल्याकडे आरोग्याची माहिती तीन वेगवेगळ्या कपाटांत ठेवलेली आहे आणि तिन्हींच्या किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे आहेत.

पहिलं कपाट वैद्यकीय महाविद्यालयाचं. ते वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतं. तिथे संशोधन होतं, पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंध लिहितात. दुसरं कपाट जिल्हा रुग्णालयाचं. जिल्हा शल्यचिकित्सक, ज्यांना आपण सिव्हिल सर्जन म्हणतो, त्यांच्याकडे जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालयं आणि ग्रामीण रुग्णालयं येतात. हे राज्याच्या आरोग्य विभागाचं. तिसरं कपाट जिल्हा परिषदेचं. जिल्हा आरोग्य अधिकारी, त्यांच्या हाताखाली प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं.

आता त्या मुलीचं पाहा. तिच्या गावात आशा जाते, ती तिसऱ्या कपाटाची. दुखणं वाढलं, रक्त चढवायची वेळ आली, तर ती जिल्हा रुग्णालयात जाते, ते दुसरं कपाट. आणि तिच्या आजारावर अभ्यास करणारा माणूस नागपूरला बसलेला, पहिल्या कपाटाजवळ. ती एकटीच या तिन्ही ठिकाणी जाते. कपाटं मात्र एकमेकांशी बोलत नाहीत.

आणि पैसा? राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा आराखडा एका वाटेने जातो, जिल्हा नियोजन समितीचा निधी दुसऱ्या वाटेने, जिल्हा परिषदेचा स्वतःचा निधी तिसऱ्या. कोणती वस्तू कोणत्या वाटेने मागायची हे माहीत नसलं की आपलं निवेदन या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतं.

९ जानेवारी २०२१ ची पहाट आपल्यापैकी कुणी विसरली नसेल. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. सात बाळांना वाचवता आलं. त्यानंतरच्या दिवसांत आम्ही काही जणी त्या आयांच्या घरी जाऊन बसत होतो. सांत्वनाला शब्द नव्हते. पण प्रत्येक घरात एक प्रश्न निघायचा, “हे सगळं ठरवते कोण?” इमारतीचं कोण पाहतं, यंत्रांचं कोण, माणसं किती नेमायची ते कोण. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली बाई, इतकी वर्षं या जिल्ह्यात काम करणारी, आणि मला त्या प्रश्नाचं धड उत्तर देता आलं नाही. त्या दिवसापासून मी हे शिकायला लागले.

माझाही प्रबंध कपाटात आहे

दुसऱ्यांकडे बोट दाखवण्याआधी स्वतःचं सांगायला हवं. नागपूरला शिकत असताना मीही ग्रामीण बायकांच्या आरोग्यावर प्रबंध लिहिला. गावोगाव फिरले, बायकांच्या चुलीपुढे बसून प्रश्न विचारले. बायकांनी मला जे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं. अंगावरून जाणं, अंग बाहेर येणं, नको असताना आलेली बाळंतपणं. मी लिहून घेतलं, कोष्टकं केली, पुठ्ठ्याची बांधणी केली, सोनेरी अक्षरात नाव घातलं. चांगले गुण मिळाले. पण त्या गावांत मी परत गेले नाही. ‘तुम्ही सांगितलं त्यातून हे निघालं’ एवढंही कुणाला सांगितलं नाही. आरोग्य अधिकाऱ्यांना एक प्रत द्यावी हे सुचलंसुद्धा नाही.

तेव्हा ती धुऱ्यावरची बाई ‘गाडीवाले’ म्हणाली ना, त्या गाडीत मीही बसलेली होते.

काय माहीत होतं आणि केव्हा

सिकलसेलचीच गोष्ट पुढे नेते, कारण तो आपल्या विदर्भाचा आजार आहे. भंडारा, गोंदिया, नागपूर, गडचिरोली, चंद्रपूर, या सगळ्या पट्ट्यात तो आहे.

भारतात हा दोष पहिल्यांदा सापडला तो १९५२ साली, निलगिरीच्या आदिवासींमध्ये. आणि १९५८ साली शुक्ला आणि सोलंकी या नागपूरच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात लिहिलं की मध्य भारतात, त्या वेळच्या महार समाजातल्या लोकांत, हा दोष आहे. १९५८! भंडारा नागपूरहून साठेक किलोमीटर. विलायतेच्या अंकात जी गोष्ट छापून आली ती भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोहोचायला किती वर्षं लागली? राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं २००५ साली, आणि त्यानंतर आपल्याकडे सरकारी पातळीवर जिल्हावार तपासणी सुरू झाली. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान तर १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला जाहीर झालं. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट ठेवलं आहे.

औषधाचंही तसंच. हायड्रॉक्सियुरिया नावाचं औषध नियमित घेतलं तर दुखण्याचे झटके जवळपास निम्म्यावर येतात, हे अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने १९९५ साली दाखवलं. हे औषध दुर्मीळ नाही. तरी आपल्या भागात आजही ‘मागच्या महिन्यात होतं, या महिन्यात संपलं’ हे बायकांकडून ऐकावं लागतं.

आता यात बाई कुठे आहे ते पाहा. आजारी मूल जन्माला यायचं तर आई आणि बाप दोघांकडून दोष यावा लागतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची दोनात एक, आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक. विज्ञान इतकं स्पष्ट सांगतं. पण घरात काय बोललं जातं? “हिच्या माहेरचं रक्त खराब.” तपासणी होते तीही बहुतेक गरोदर बाईची, कारण ती आपसूक दवाखान्यात सापडते. नवरा बांधीत किंवा कामाला बाहेरगावी. मग यादीत नाव तिचं येतं आणि बट्टाही तिलाच लागतो. वाहक म्हणजे आजारी नव्हे, वाहक बाई धडधाकट असते, हे कुणी समजावून सांगत नाही. नुसत्या ‘वाहक’ या शब्दावर ठरलेलं लग्न मोडल्याचं मी पाहिलं आहे. मुलाची तपासणी झाली नव्हती. कुणी मागितलीही नव्हती.

आणखी एक. हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्या बाईने दिवस राहण्याच्या आधीच डॉक्टरांचा सल्ला घेतला पाहिजे, कारण गरोदरपणात ते औषध सुरक्षित मानत नाहीत. हे कोण सांगणार? औषध देणारा वेगळा, गरोदरपण तपासणारी वेगळी. पुन्हा तीच दोन कपाटं.

धोरणातली एक फटही तुमच्या लक्षात आणून देते. केंद्राच्या अभियानाचा भर आदिवासी भागांवर आहे. तो असायलाच हवा. पण विदर्भात हा आजार बौद्ध वस्तीत आहे, इतर मागास समाजांतही आहे, हे इथलं संशोधन सांगतं. १९५८ चा पहिला लेखच मुळी आदिवासींबद्दल नव्हता. मग तपासणीच्या यादीतून एखादी वस्ती सुटली तर हे संशोधन पुढे ठेवून विचारायचं कुणी? आपणच.

जिथे पूल झाला

हे सगळं ऐकून निराश होऊ नका. संशोधनातून सरकारचा निर्णय बदलला अशी उदाहरणं आहेत, आणि ती लांबची नाहीत.

शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही त्रास होता, आणि त्याआधी कधीही अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. तोवर सरकारच्या लेखी बाईचं आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन आणि बाळंतपण. बाईला गर्भाशयाशिवाय, आणि गर्भाशयाला बाळाशिवाय, काही दुखणं असू शकतं हे या आकड्यांनी मांडलं. १९९४ च्या कैरो परिषदेत बाईच्या प्रजनन आरोग्याचा विचार जगाने मान्य केला, त्याच्या आधीची ही पायाभरणी.

मग त्यांनी नवजात बाळांचं काम घेतलं. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाचं वजन घेणं, ते गुदमरलं तर काय करायचं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं. ३९ गावांत हे काम केलं आणि ४७ गावांशी तुलना केली. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा लेख १९९९ सालचा. २०११ साली केंद्र सरकारने आशांमार्फत देशभर घरोघरी नवजात बालक सेवा सुरू केली. म्हणजे बारा वर्षं लागली. पण नुसता लेख छापून बारा वर्षं वाट पाहिली असती तर काहीच झालं नसतं. मधल्या काळात ते सरकारच्या समित्यांवर बसले, अधिकाऱ्यांना गावात नेऊन दाखवलं, बालमृत्यूंच्या सरकारी नोंदीतली तूट पुन्हा पुन्हा पुढे आणली. तेरा संस्थांनी मिळून राज्यातल्या बालमृत्यूंचा अभ्यास केला, त्याचा ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल २००१ साली आला. त्यानंतर राज्याला बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली.

इथे आशाताई बसल्या आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट मोकळेपणाने बोलते. संशोधन सरकारी योजना होताना त्यातलं काय गळतं हेही पाहायला हवं. या सेवेसाठी आशा ४२ दिवसांत सहा-सात वेळा घरी जाते आणि त्याचा मोबदला ठरला २५० रुपये. प्रयोगात सिद्ध झालं की गावातली बाई बाळं वाचवू शकते. योजनेत आलं तेव्हा त्या बाईच्या कामाची किंमत आली ही. म्हणजे संशोधक आणि सरकार यांच्या बैठकीत तिसरी खुर्ची, काम करणाऱ्या बाईची, असायलाच पाहिजे.

दुसरं उदाहरण मुंबईचं. मारहाण झालेली बाई पोलिसांत जायच्या आधी दवाखान्यात जाते. ती ‘पडले’ म्हणते, डॉक्टर ‘पडली’ लिहितो, मलमपट्टी होते. ‘सेहत’ ही आरोग्यावर संशोधन करणारी संस्था. तिने नुसता अहवाल लिहून न थांबता मुंबई महानगरपालिकेबरोबर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २०००-०१ साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. केंद्र रुग्णालयाच्या आत, त्यात रुग्णालयाचेच कर्मचारी शिकवून तयार केले. म्हणून तो ‘संस्थेचा प्रकल्प’ न राहता रुग्णालयाचं काम झालं. पुढे मुंबईच्या इतर रुग्णालयांत आणि दुसऱ्या राज्यांतही अशी केंद्रं निघाली.

तिसरं पुन्हा विदर्भाचं. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी बलात्कारित बाईची वैद्यकीय तपासणी किती अशास्त्रीय आणि अपमानास्पद पद्धतीने होते याचा अभ्यास करून २०१० साली अहवाल मांडला. तो विषय जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. ‘सेहत’नेही त्यात भाग घेतला. २०१४ साली केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्यात दोन बोटांची चाचणी नको असं स्पष्ट सांगितलं. आपण मथुरा प्रकरणापासून रस्त्यावर जे बोलत होतो त्याला एका डॉक्टरच्या कागदाची जोड मिळाली.

तिन्ही ठिकाणी मला सारखं काय दिसतं? एक, प्रश्न बायकांच्या अनुभवातून निघाला. दोन, ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला शेवटी प्रत पाठवली नाही, आधीपासून सोबत घेतलं, किंवा कोर्टात उभं केलं. तीन, कुणीतरी वर्षानुवर्षं चिकटून राहिलं.

आमचा अनुभव

आमच्या गटाने काय केलं ते सांगते, चुकांसकट.

पहिल्या वर्षी आम्ही गावागावांतून सिकलसेलच्या तक्रारी गोळा केल्या आणि जाडजूड अहवाल केला. तो घेऊन एका वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी पानं चाळली आणि विचारलं, “ताई, हे सगळं खरं असेल. पण यातलं माझ्या अधिकारात काय येतं? कोणत्या हेडखाली मागू?” आमच्याकडे उत्तर नव्हतं. बाहेर येऊन आम्ही त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. परतताना एसटीत आमच्यातली एक आशाताई म्हणाली, “शिव्या द्या, पण प्रश्न त्याईनं बरोबर इचारला.”

दुसऱ्या वर्षी आम्ही एक पान लिहिलं. एकच. त्यात चार गोष्टी. कोणत्या गावांत रक्त घेतलं पण निकाल आला नाही. कोणत्या केंद्रात औषध किती दिवस नव्हतं. पक्क्या तपासणीसाठी बाईला कुठवर जावं लागतं आणि तिची किती मजुरी बुडते. निकाल देताना समजावून सांगायला कोण असतं. प्रत्येकापुढे लिहिलं, हे दुरुस्त करायला काय लागेल आणि ते कुणाच्या सहीने होईल.

आणि एक केलं. याच जिल्ह्यातल्या रुग्णांवर प्रबंध लिहिलेल्या एका तरुण डॉक्टरला शोधून काढलं आणि बैठकीला आणलं. त्याच्याकडे आकडे होते, पण जिल्हा परिषदेला आरोग्य समिती असते हे त्याला ठाऊक नव्हतं. अधिकाऱ्यांना असा प्रबंध आहे हेच माहीत नव्हतं. दोघं एकाच जिल्ह्याचं काम करत होते आणि पहिल्यांदा भेटत होते! त्या बैठकीला लाखांदूरची ती बाईही आली होती. तिने तेच वाक्य म्हटलं, तीनदा दिलं, कागद नाही मिळाला. खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग त्या तरुण डॉक्टरने खाली मान घालून विचारलं, “मावशी, कोणत्या साली?”

काय झालं पुढे? निकाल उपकेंद्रावर नर्सताईंकडे यायला लागले. औषध काही महिने नियमित मिळालं. मग अधिकाऱ्यांची बदली झाली आणि पुन्हा पहिलेपासून सुरुवात. त्यातून आम्ही शिकलो की नातं माणसाशी जोडून भागत नाही, ते बैठकीच्या तारखेशी आणि इतिवृत्ताच्या वहीशी जोडावं लागतं. माणूस बदलून जातो, वही राहते.

आपण काय करायचं

पहिलं, वेळ. आपला मोठा मोर्चा निघतो ८ मार्चला. पण पुढच्या वर्षाचा आराखडा एप्रिल उजाडायच्या बरेच महिने आधी बसतो. मार्चमध्ये आपण घोषणा देतो तेव्हा आकडे ठरून गेलेले असतात. म्हणून मागण्यांचं पान दिवाळीनंतर, धानाची कापणी-मळणी आटोपते तेव्हाच तयार हवं. मोर्चा काढाच, पण पान आधी पोहोचवा.

दुसरं, खुर्च्या. गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे, आरोग्य केंद्रात रुग्ण कल्याण समिती आहे. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची तरतूद आहे. या जागांवर बसलेल्या आपल्या मैत्रिणींना आरोग्याचं पान वाचायला शिकवू या. माहिती दडवली तर २००५ चा माहिती अधिकार आहेच.

तिसरं, संशोधकांशी करार. गावात कुणी अभ्यासाला आलं तर त्यांना हाकलू नका, पण चार प्रश्न विचारा. कशासाठी घेता? निकाल कोणत्या तारखेला देणार? कोण समजावून सांगणार? आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना याची प्रत कधी देणार? बाईच्या सहीच्या किंवा अंगठ्याच्या कागदाची एक प्रत बाईकडे राहिली पाहिजे.

चौथं, गुप्तता. कागद मागताना तो चावडीवर वाचला जाणार नाही हे पाहा. एका बाईचा निकाल तिच्याच हातात, समजावून, आणि नवऱ्याचीही तपासणी झाल्यावर. नाहीतर आपणच मागितलेला कागद तिच्या अंगावर उलटेल.

पाचवं, हक्क. सिकलसेल हा २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात धरलेला आजार आहे. त्याच्या प्रमाणपत्रासाठी पहिला कागद लागतो तो रक्ताच्या निकालाचा. म्हणून हा कागद म्हणजे नुसती माहिती नाही. शाळा, प्रवास, पेन्शन, पुष्कळ काही त्याच्यावर टांगलेलं आहे.

ती मुलगी कशी आहे, हे तुम्ही विचाराल म्हणून सांगते. तिचा निकाल मिळाला. आजार आहे. औषध चालू आहे, थंडीत अजूनही कधी कधी त्रास होतो, पण मागच्या हिवाळ्यात तिला एकदाही भरती करावं लागलं नाही. शाळा पुन्हा सुरू करायची म्हणते. तिच्या बापाचंही रक्त तपासलं. तो वाहक निघाला. त्या दिवसापासून घरातलं ‘माहेरचं रक्त’ बंद झालं.

आणि तिची आई. मागच्या महिन्यात गावात पुन्हा एक पथक आलं. ती पुढे झाली, बाही वर केली, आणि म्हणाली, “देतो ना रगत. पयले कागदाची तारीख लिवून द्या.” त्यांनी लिहून दिली. तारीख अजून यायची आहे. ती चिठ्ठी तिने देवाच्या फोटोमागे खोचून ठेवली आहे, आणि त्या तारखेला आम्ही दोघी उपकेंद्रावर जाणार आहोत.

जेवणानंतर तालुकावार बसू. प्रत्येक तालुक्याने आपलं एक पान लिहायला घ्यावं. कागद मी आणले आहेत.

जिंदाबाद!